पोट एका मजल्यावर, डोकं दुसऱ्यावर

काचेच्या दुकानात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. जाड काच ती एका रेघेत कापायची आणि मापावरून वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाला एका वाक्यात.

एके सकाळी हातातली काच कापायची हिरकणी गळून पडली, तोंड वाकडं झालं. पक्षाघात. महिन्याभरात ती पाय ओढत चालू लागली, पण भूक मेली. पोट दगडासारखं, साफ म्हणून होईना, घास पाहिला की मळमळ. आणि रडू. कारण नसताना यायचं, थांबायचं नाही. तोफ भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली.

“मन घट्ट कर गं,” नवरा म्हणायचा.

“एवढी खमकी बाई, आणि अशी हातपाय गाळून बसलीस?” जाऊबाई म्हणाल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण भांडायलाही त्राण नव्हतं.

इस्पितळात मेंदूचे डॉक्टर म्हणाले, “पोटाचं खालच्या मजल्यावर दाखवा.” खालचे डॉक्टर म्हणाले, “पोटात काही नाही, मनाचं आहे. वर विचारा.” वर, खाली, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला तिनं काठी टेबलावर आपटली.

“माझं डोकं एका मजल्यावर आणि पोट दुसऱ्या मजल्यावर ठेवलंय का तुम्ही?”

नवरा शरमला. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई मात्र आवाज ऐकून बाहेर आल्या. तिला बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मेंदू आणि आतडी सारखे एकमेकांना निरोप धाडतात,” त्या म्हणाल्या. “झटक्यानंतर त्यात गडबड होते, आतडी मंदावतात. पोट बिघडलं की मनही आणखी खचू शकतं. नेमकं कसं, ते अजून शोधताहेत. पण हे नैराश्य आजार आहे, तुमचा कमकुवतपणा नाही.”

“मग इतके महिने कुणी बोललं का नाही?”

बाईंनी कागद पुढे ओढून औषधं लिहायला घेतली.

नैराश्यावर गोळी, पोटावर वेगळा इलाज, रोजचं चालणं. हळूहळू रडू ओसरलं, पोट हललं. काच कापणं कायमचं सुटलं. आता ती गल्ल्यामागे बसून कारागिरांवर डाफरते.

मेंदूच्या डॉक्टरांना तिनं हे सगळं मुद्दाम जाऊन सांगितलं. “बरं झालं,” ते म्हणाले आणि घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. टॅक्सीत ती घरापर्यंत धुमसत होती. उतरल्यावर नवऱ्याला म्हणाली, “आधी वाढ. मग बघते त्या डॉक्टरकडे.”