कुंडीतला वाफसा

बाबा जबलपूरला राहायला आले ते एक कट्टा माती घेऊन. आई गेलेली, गुडघ्यांनी संप पुकारलेला, शेत विकून झालेलं, तेव्हा लेकीकडे येण्यावाचून इलाज नव्हता. पण वर्ध्याकडच्या त्या शेतातली काळी माती त्यांनी खताच्या रिकाम्या कट्ट्यात भरली, सुतळीनं तोंड शिवलं आणि गाडीच्या डिकीत आधी ती ठेवली, मग स्वतःची पेटी. मांडीवर कागदी लिंबाचं हातभर रोप होतं. बांधावरच्या जुन्या झाडाच्या फांदीला गुटी कलम बांधून त्यांनी ते स्वतः केलं होतं.

माझा नवरा इथलाच, जबलपूरच्या मराठी घरातला. खमरियाच्या कारखान्यात नोकरी, आणि बोलताना अर्धं वाक्य हिंदीत. कट्टा जिन्यानं गच्चीवर चढवताना तो घामाघूम होऊन म्हणाला, "बाबा, मिट्टी तर इथंपण काळीच आहे ना." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं स्कूटर काढून ड्यूटीवर गेला.

"आमची येगळी हाय," ते मागाहून मला म्हणाले.

रोप मोठ्या कुंडीत लावलं आणि हात धुता धुता त्यांनी अटही सांगून टाकली. "हे इथं लागलं तर मी राहीन. नाही लागलं तर मी आपला गावी. तुझ्या काकाच्या घरी माझी खोली हायच." मी हसण्यावारी नेलं, पण बाबांना मी ओळखून होते. बाबा बोलले की बोलले. त्या खोलीत एकटे, त्या गुडघ्यांनी, स्वतःचा चहा स्वतः करून पीत असलेले ते मला दिसायला लागले आणि मला ते अजिबात नको होतं.

महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत हिवाळ्याची दुपार फार सुंदर उतरते. ऊन गच्चीवर पसरून पडतं, कुठूनतरी मटार सोलल्याचा वास येतो, आणि माणूस जागा आहे की झोपेत हे त्याचं त्यालाच कळत नाही. बाबा तिथे खुर्ची टाकून लिंबाजवळ बसायचे. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी सतरंजीवर आडवी व्हायची. डोळे मिटले की मला वाटायचं, आपण शेतातच निजलोय, कानाखाली जमीन आहे आणि आत कुणीतरी हळूहळू चालतंय.

लिंबू मात्र पिवळं पडायला लागलं. आधी खालची पानं, मग वरची. बाबा सकाळी पाणी घालत, संध्याकाळी घालत. वरच्या थराला भेग दिसली की पुन्हा घालत. काही विचारलं तर म्हणत, "तहानलं हाय ते. तुले काय समजते त्यातलं?" काही नाही समजत, हे खरंच होतं. मी सदर बाजारातल्या बँकेत नोटा आणि माणसं सांभाळणारी बाई. पण मला रागही आला होता. एक रोपटं माझ्या बापाला माझ्या घरातून घेऊन जाणार म्हणजे काय? मी रविवारच्या एका वर्गाला नाव घातलं. गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी होता, मातीची अगदी बाराखडी शिकवणारा.

शिकवणाऱ्या दीदींनी पहिल्याच दिवशी मूठभर माती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "इसमें क्या-क्या है?" आम्ही सगळ्यांनी दगड, कचरा, किडे सांगितले. त्या म्हणाल्या, यातली जवळजवळ अर्धी जागा रिकामी आहे. कणांमधल्या त्या पोकळीत पाणी राहतं आणि हवाही राहते. मुळं दोन्ही घेतात. सगळी पोकळी पाण्यानं भरली तर मुळाचा श्वास कोंडतो. वाळूचा कण जाड, त्यामुळे पाणी झरझर उतरतं. गाळाचा मधला. चिकणमातीचा इतका बारीक, की तो पाणी धरून बसतो आणि सोडता सोडत नाही.

मग त्यांनी योग्य ओल कशी ओळखायची ते दाखवलं. माती मुठीत दाबायची, गोळा व्हायला हवा, आणि बोटानं टोचलं की तो भुरभुर सुटायला हवा. मी बसल्या जागी हबकले. अगं बाई, हा तर वाफसा! पाऊस उघडल्यावर बाबा बांधावर उकिडवे बसून नेमकं हेच करायचे. गोळा सुटला की म्हणायचे, "आला वाफसा, चला." चिखल असेल तर घरी यायचे, आणि कुणाला शेतात पायसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. ज्यांनी मला हे लहानपणी दाखवलं, ते कुंडीत रोज चिखल करून राहिले होते.

घरी येऊन मी वाद घातला नाही, हे नवलच. काचेच्या बरणीत त्यांच्या कट्ट्यातली माती घेतली, पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि खिडकीत ठेवली. बाबा जवळ येऊन बसले. थोडी वाळू लगेच तळाशी गेली. त्यावर गाळ आला. पण वरचं पाणी काळंच राहिलं. ऊन त्यातून जाताना कॉफीच्या रंगाचं होत होतं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच, आत सावकाश काहीतरी फिरत असलेलं. बाबा तासन्‌तास त्याकडे पाहत. त्यांना त्यात नांगरट दिसत होती की आई, मी विचारलं नाही.

"लयच बारीक हाय," शेवटी ते म्हणाले.

"बाबा, म्हणून पाणी हलत नाही. लिंबू तहानलं नाही. बुडून राहिलं आहे."

त्यांनी बरणीची काच बोटानं पुसली. मग म्हणाले, "कोरडवाहू माणूस मी, पोरी. जन्मभर आभाळाकडे पाहिलं. इथं गच्चीवर नळ. उघडला की पाणी. हात थांबत नाही वं."

मी नवऱ्याला हाक मारली. आम्ही तिघांनी मिळून कुंडी आडवी केली. माती लोण्यासारखी कापली गेली आणि कुबट वास आला. मुळं काळी, मऊ पडलेली. मधोमध दोन-तीन मात्र अजून पांढरी होती. कुंडीच्या तळाचं भोक शोधलं तर त्यात पंच्याच्या चिंधीचा घट्ट बोळा.

"हे काहून बाबा?"

"पाण्यासंगं माती वाहून जाते ना," ते म्हणाले. "गटारात जाते आपली माती."

नवऱ्यानं तो बोळा त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या बांधकामावरून जाड रेती मागून आणली. बाबांनी स्वतःच सडकी मुळं कापली. त्यांच्या मातीत कॉलनीच्या बागेतलं पालापाचोळ्याचं खत भरपूर आणि रेती जराशी मिसळली, दोन्ही हातांनी, भाकरीचं पीठ मळावं तशी. तळाला विटांचे तुकडे घातले. भोक मोकळं ठेवलं.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. रोज सकाळी कुंडीतली माती उकरून, दाबून, बोटानं टोचून पाहायची आणि नळाकडे पाठ करून खुर्चीत बसायचं. लिंबाची होती ती पानंही गळाली. नुसती काडी राहिली. काकांचा फोन आला की बाबा म्हणत, "खोली झाडून ठेव." मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटायची.

थंडी ओसरली, आणि एका सकाळी बँकेत निघताना मी निरोप घ्यायला गच्चीवर गेले. काडीच्या बगलेत तांबूस टोक आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाबांनी ते माझ्या आधीच पाहिलेलं असणार, कारण ते फोनवर होते.

"खोली कायले रिकामी ठेवतं?" ते काकांना सांगत होते. "कांदे भरून ठेव तिच्यात."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि रडले. बँकेला उशीर झाला, होऊ दे. बाबांनी फोन खिशात टाकला, कुंडीतली थोडी माती मुठीत दाबली, टोचली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आज पाणी नको. उद्या पाहू."