धाकटीच्या लेकीचे फोटो

मला माझ्या धाकट्या जावेचा राग यायचा नाय, तिच्या लेकीच्या फोटोंचा यायचा. जाऊ द्या, खोटं कशाला बोलू? दोन्हींचा यायचा.

दुष्काळात मेंढरं विकून आम्ही सिल्लोडकडनं शहरात आलो. हर्सूलच्या पुढं नवी प्लॉटिंग पडली व्हती, तिथं दोघा भावांनी एकाच प्लॉटवर खोल्या टाकल्या. पाणी टँकरचं, शाळा मात्र नवीकोरी. माझी लेक आन् धाकटीची लेक एकाच वर्गात. शाळेचं मोबाईलवर पेज व्हतं. धाकटीची पोर बोलायला चुरचुरीत, रंगानं उजळ. भाषण झालं की फोटो, नाच झाला की फोटो, झाडाला पाणी घातलं तरी फोटो! माझी लेक बाटलीत उरलेलं पाणी रोज त्याच झाडाला घालायची, पण तिचं कधी कोपरसुद्धा दिसलं नाय.

धाकटी मुद्दाम माझ्या म्होरं फोन धरायची. "बघा ना अक्का, किती लोकांनी लाईक केलंय."

"बघितलं गं बाई. सरक, माझी भाकरी करपायली." अंगाची नुसती लाही व्हायची माझ्या.

आमच्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांची हयात मेंढरांमागं गेली. एवढ्या शहरात लेकरू चुकलं तर, ही त्यांना एकच काळजी. म्हणायचे, "मेंढराची खूण सगळ्या शिवाराला म्हाईत पायजे. चुकलं तरी लोक माघारी आणून सोडतेत." म्हणून धाकटीनं हौसेनं पेज बघणाऱ्या सरांना सांगितलं, फोटोखाली पुरं नाव, वर्ग, गाव, बापाचा नंबर आन् रिक्षा कुठं थांबते तेबी लिहा. सरांनी लिहिलं. त्यांना त्यात वावगं वाटलं नाय, आम्हालाबी नाय. माझं दुखणं निराळंच व्हतं. माझ्या लेकीची खूण कुणी का इचारीना?

मग एक दिवस शाळा सुटल्यावर रिक्षाच्या थांब्यावर कुणी अनोळखी माणूस आला. धाकटीच्या पोरीला पुऱ्या नावानं हाक मारली. "तुझ्या पप्पांनी पाठवलंय, चल." पोरगी बिचकली, तर त्यानं फोनवर तिचाच फोटो दाखवला आन् बापाचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मग काय, ती निघाली त्याच्या गाडीवर बसायला. माझ्या लेकीनं तिचं दप्तर धरून ठेवलं आन् अशी बोंबलली की रिक्षावाले धावले. तो पळाला.

संध्याकाळी मामांनी निकाल दिला. "धाकटीच्या पोरीला गावाकडं न्या. शाळा बास झाली. चांगलं ठिकाण बघून देऊन टाकू." पोरगी अजून सातवीत व्हती. "थोरलीची जाऊ द्या शाळेला. तिला कोण वळखतंय?"

धाकटी हमसून हमसून रडायली. आन् मला, देवाशपथ, आधी गार वाटलं. घ्या म्हणलं, करा आता लाईक! पण मामांचं शेवटचं बोलणं काळजात रुतलं. कोण वळखतंय म्हंजी? आज जिनं बहिणीला वाचवलं, तिला कोण वळखतंय?

"मामा," मी पदर सावरून म्हणलं, "लेकरानं काय केलं? नाव-गाव वाटलं आपण, आन् शिक्षा पोरीला व्हय?"

मामांनी माझ्याकडनं उलटं कधी ऐकलं नव्हतं. दोघी पोरींकडं बघितलं. मग म्हणाले, "ठीक हाय. पण दोघींतल्या एकीचाबी फोटो पुन्हा त्या शाळेच्या मोबाईलवर दिसला, तर दोघी घरी."

दुसऱ्या दिवशी धाकटीला घेऊन शाळेत गेले. हेडसर म्हणाले, "ताई, ॲडमिशनचे दिवस आहेत. पालकांना फोटो बघायला आवडतात."

"सर, लेकरं हायेत ती, दुकानातल्या साड्या नायत. माझ्या डोळ्यादेखत काढा."

त्यांनी एकेक काढला. म्हणाले, "कुणी आधीच आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले असतील, तर ते मात्र माझ्या हातात नाहीत." धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं. आन् मी मेली तिथंबी हेच बघत व्हते, की किती फोटो हायेत हिच्या पोरीचे!

पुढं वार्षिक निकाल लागला. माझी लेक वर्गात पहिली आली. वर्गाच्या बाईंचा फोन आला. "फक्त नाव आणि फोटो टाकते, नंबर वगैरे काही नाही. चालेल ना?"

धाकटी शेजारी ज्वारी निवडत बसली व्हती. तिचा हात थांबला. तिची पोर दारातनं माझ्या तोंडाकडं बघायली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळला, ते आपल्या पायानं चालत आलं व्हतं.

"नाय चालणार, बाई," मी म्हणलं आन् फोन ठेवला.

माझ्या लेकीनं ऐकलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तिचे एवढे टाकले. माझाच एक का नाय?"

मी तिला जवळ ओढलं. "लोकांचं काय घेऊन बसलीस? तुझी आई हाय ना तुला बघायला."

"तू?" ती म्हणाली. "तू तर सारखी तिचेच बघत व्हतीस."