बाईची खोली

तळोद्याहून जीप घाट चढून येते, पण पाड्यापर्यंत पोहोचत नाही; शेवटचा चढ पायीच. तिथल्या शाळेवर मी एकटीच शिक्षिका होते. टेकडीटेकडीवर एकेक घर, दगडाचं जोतं, कुडाच्या भिंती, शेतांना रचलेल्या दगडांचे बांध. मी शाळेच्याच एका कोपऱ्यात राहायचे. पावसात छत गळायचं, थंडीत फटींतून वारा यायचा. पिकं घरात आल्यावर पाड्याने ठरवलं, बाईला खोली बांधून द्यायची.

तिकडे कुणाचंही घर सगळे मिळून बांधतात. मजुरी नाही, ज्याचं घर, त्याने जेवू घालायचं. याला लाह म्हणतात. पुरुष नाल्यातले दगड खांद्यावरून वर आणत होते, बायका माती तुडवत होत्या. मी शेजारणीसोबत डाळ शिजवत होते. मध्येच, जिथे रेंज येते त्या खडकावर जाऊन नवऱ्याला फोन लावला; तो लेकीला घेऊन शहाद्याला राहायचा.

"तुझी बदली होतेय, मे महिन्यात. इथेच, शहाद्याला," तो म्हणाला.

लेक आता माझ्याजवळ राहणार होती. मला रडूच आलं. डोळे पुसून खाली पाहिलं, तर जोतं गुडघ्याएवढं झालं होतं.

मी धावतच खाली गेले. एक म्हातारे बाबा दगड बसवत होते. म्हटलं, "बाबा, थांबवा हे. माझी बदली झाली. मी जाणार."

त्यांनी हातातला दगड फिरवून त्याची सपाट बाजू शोधली. "कधी जाशील?"

"उन्हाळ्यात."

"मग तोवर थंडीत झोपशील?"

आणि दगड बसवला. नाल्याकडून येणारं कुणीही थांबलं नाही. शेजारीण फक्त म्हणाली, "बाई, डाळ लागेल खाली."

त्या खोलीत मी मे महिन्यापर्यंत राहिले. ऊब होती, पण झोप लागायची नाही. कुणी एका शब्दाने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या होळीला लेकीला घेऊन गेले. शेजारीण खोली सारवत होती.

"नव्या बाई राहतात?" मी विचारलं.

"आली नाही अजून कोणी," ती म्हणाली. "पोरं येतात, बसतात, वाट बघून घरी जातात."

लेक माझा हात धरून उभी होती. माझ्याने त्या जोत्यावर बसवेना.