काकाचं पाणी तोडलं

माझ्या काकाचा हात सढळ, पण फक्त पाण्याच्या बाबतीत. जन्मभर बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर काकूच्या शेतात पाणी द्यायचं काम अंगावर घेतलं. रोप मरगळलं, घाल पाणी. सडलं, घाल अजून. कुणी पोटात दुखतंय म्हणालं तरी याचा ग्लास पुढे. अशा माणसाला बटाटा सांभाळायला देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!

बटाटा मोठा नखरेल. पाणी कमी पडलं की साल खडबडीत, तहानेवर एकदम भरपूर दिलं की तडकतो, साचलं की सडतो. म्हणून काकू आधी वरंब्यातली माती उकरून मुठीत दाबायची. गोळा झाला तर पाणी नाही, भुगा झाला तर द्यायचं. काकाच्या मुठीत बघावं तेव्हा भुगाच.

यंदा काकूचा पाय मोडला. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून तिनं फर्मान काढलं, "अहो, पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं. जमिनीत साल घट्ट होऊ दे. काढणीपर्यंत थेंबभर जरी दिलंत, तर पुढच्या वर्षी शेत माझ्या भावाकडे."

काकाचं तोंड एवढंसं झालं. बस सोडल्यापासून सकाळी उठून जायला त्याला तेवढं एकच ठिकाण होतं.

पाला पिवळा पडला. काकानं पाइपाचा कॉक बंद केला आणि कॉकची फिरवायची मूठच काढून काकूच्या हातात दिली. शेजारी म्हणाला, "काय हो, मारलंत की शेत!" झालं, काका माझ्यापाशी येऊन रडगाणं गायला लागला, "अगं, तहानलेलं दिसतंय, बघवत नाही."

"मग बघू नकोस," मी म्हटलं. त्यानं ऐकलं. फक्त एकाएकी त्याला स्वच्छतेचं वेड लागलं. शेतातल्या टाकीपाशी सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, चहा झाला की पुन्हा आंघोळ. म्हटलं चला, म्हातारपणी का होईना, सुधारला.

काढणीला काकू कुबड्या घेऊन आली. बटाटे असे निघाले की अंगठ्यानं घासलं तरी साल हलेना. काका छाती काढून उभा. मग टाकीलगतची सरी उकरली आणि भपकन वास आला. बटाटे लिबलिबीत, हात लावला की साल हातात. त्यातूनच साबणाची झिजलेली वडी निघाली.

काकूनं वडी बघितली, मग काकाकडे बघितलं.

"मी दिलं नाही," काका पुटपुटला. "आपलं आपण गेलं."

गेलं शेत, मला वाटलं. त्याचे डोळे भरून आले होते. इतका राग आला होता मेल्याचा, तरी गलबललंच.

"बाकीच्या सऱ्यांना हात लावला नाहीत?" काकूनं विचारलं.

"नाही गं. तिकडे हात जाऊ नये म्हणून तर इथे आंघोळी करत होतो."

काकूनं कुबडीनं साबणाची वडी बाजूला ढकलली.

"पुढच्या वर्षी ही सरी तुमची," ती म्हणाली. "बुडवा हवी तेवढी. बाकीचं शेतही तुम्हीच बघा." मग नाक दाबलं. "आणि आता घरी जाऊन आंघोळ करा. वास मारताय."