भंडारा उचललेला हात

धोंडुबाई आमच्या शेजारी. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात. भांडायला उभी राहिली की गोठ्यातली म्हसरं दावं तोडतील अशी बाई. पण बिरोबाचं नाव काढलं की चळाचळा कापणारी.

ग्रामपंचायतीत त्या आमच्या माळावरच्या वस्तीच्या सदस्य. वस्तीला नळ आला तो त्यांच्याच कटकटीमुळं. पुढं गाव कोल्हापूर शहरात घ्यायचं ठरलं. पंचायत जाणार, मग गावाला नगरसेवकांच्या किती जागा, कुठली गल्ली कुठल्या प्रभागात, याची बोलणी शहरात सुरू झाली. शहरात जायचंच नाही म्हणत सरपंच हंबीरराव कडाडले, "बोलणीला जाईल त्यो गावाचा वैरी!" सगळ्या सदस्यांना बिरोबाच्या देवळात नेऊन, बोलणीला जाणार नाही म्हणून त्यांनी भंडारा उचलायला लावला. आमच्याकडं त्या हळदीच्या मुठीपुढं कोर्टाचा कागद फिका. शपथ मोडली की घरातलं माणूस जातं, असं आक्का लहानपणापासून ऐकत आलेल्या. आणि घरात माणूस एकच, मुलगा विश्वजित. रोज मोटारसायकलवरून हायवेनं कारखान्यात जाणारा.

मग कानावर आलं, वस्तीचे दोन तुकडे करून शेजारच्या दोन प्रभागांना जोडणार. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. उद्या नळ बंद पडला तर विचारायचं कुणाला? आक्कांचं जेवण सुटलं. एका सकाळी माझ्या दारात उभ्या. "मोने, गाडी काढ गं. मला बोलणीला ने."

स्कूटरवर मागं बसून त्यांनी माझा खांदा असा धरला की वळ उठले. ट्रक दिसला की विचारायच्या, "माझ्या पोराला काय हुईल का गं?" शिकलेली असून मीही प्रत्येक ट्रकला गाडी कडेला घेत होते.

महापालिकेच्या कार्यालयाचं दार उघडलं आणि आम्ही थिजलो. साहेबांसमोर नकाशा पसरून आमचे सगळे सदस्य आपापल्या गल्ल्या सांभाळत बसलेले. हंबीररावांचं बोट आमच्या वस्तीवर. भंडारा पाळणारी एकटी आक्का, म्हणून कापायला तिचीच वस्ती घेतली होती! मला असा संताप आला म्हणता!

हंबीरराव मात्र निगरगट्ट. "आक्का, भंडारा उचललाय न्हवं तुमी? पोराचा तरी इचार करायचा."

भिंतीला धरत आक्का पुढं गेल्या आणि हंबीररावांच्या बोटाशेजारी हात ठेवला. "उचललाय की. म्हणून तर भ्यानं मराया लागलोय. पर सायेब, माझी वस्ती मोडू नका. एकाच प्रभागात ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी वस्तीवरून गेलेली रेघ पुसली. वस्ती अख्खी राहिली. आता हंबीरराव तिथंच मतं मागत फिरतात, कपाळाला भंडारा लावून.

आक्का रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसतात. विश्वजितची गाडी वळणावर वाजेपर्यंत चहालाही उठत नाहीत. परवा त्याला उशीर झाला, तर अनवाणी हायवेपर्यंत धावल्या, मी मागं. तो पंक्चरच्या टपरीवर उभा होता. त्याच्या तोंडावरून हात फिरवून त्या माझ्याकडं वळल्या.

"आज न्हाय, मोने," म्हणाल्या. "आज न्हाय झालं."