जिन्याखालची मोटारसायकल

गाव सोडताना आधी होडी, मग खाडीच्या तोंडाशी नांगरलेली आगबोट. माझ्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. होडीत चढताना लुगड्याचा काठ भिजला, तर आई गुडघाभर पाण्यात उभी राहून तो पिळत बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "थयसर गर्दी दिसली काय मागे फिर गो. कोणाच्या मधात पडां नको." बाबा किनाऱ्यावर पाठमोरे उभे होते. भोंगा झाला तरी वळले नाहीत.

तिकडे राहिलात त्या तुम्हा सगळ्यांना मी हे लिहिते आहे. माझ्यामागून जे मुंबईला आले त्यांनाही. तुम्ही नेहमी विचारता, मुंबई तुला मानवली कशी? खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी फक्त घाबरत होते. गावात भीती वाटायची ती सापाची, भरतीची, अंधाऱ्या पाणंदीची. तिला ठरलेली जागा असायची. गिरगावात ती कुठूनही यायची. ट्रामची घंटा, स्टोव्हचा भडका, जिन्यात अचानक समोर आलेला अनोळखी माणूस. आमची वाडीत दुसऱ्या मजल्यावर दीड खोली. तिथे आम्ही दोघं, थोरले दीर, त्यांना सगळे भाऊ म्हणत, जाऊबाई, त्यांची चार वर्षांची शकू आणि अंगावर पिणारा बाळ.

भाऊ औषधांच्या कंपनीत विक्रेते होते. फिरतीसाठी त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी मोटारसायकल घेतली होती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तसे ते सभांना जाऊ लागले, त्याच गाडीवरून हस्तपत्रकं पोचवू लागले आणि शेवटी सत्याग्रहात पकडले गेले. त्यानंतर दोनदा पोलीस वाडीत येऊन ती मोटारसायकल कुणाची म्हणून विचारून गेले. ह्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली, पुढे जळाऊ लाकडं रचली. तेव्हापासून गाडी जिन्याखाली पडून होती. थंडी गेली, उन्हाळाही सरत आला. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी पाणी भरायला जाताना त्या ताडपत्रीकडे बघतही नसे.

मग चळवळीच्या लोकांवर पुन्हा गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. त्याच दिवसांत शकूचा घसा धरला. आधी पडसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज यायला लागला. वाडीच्या तोंडाशी डॉक्टर राहत, ते तसेच बनियनवर धावत आले. चमचा घालून त्यांनी घसा पाहिला. आत राखाडी पांढरा पडदा धरला होता. घटसर्प, ते म्हणाले. त्याचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं, आणि घसा पुरता बंद झाला तर गळ्यात नळी घालावी लागणार होती. दोन्ही सोयी होत्या त्या साथीच्या रोगांच्या इस्पितळात, तिकडे सात रस्त्याच्या बाजूला. फोनवर रुग्णवाहिका मागितली, तर रस्ते अडलेत, येता येणार नाही, असं उत्तर आलं. डॉक्टरांची मोटार दारात होती. पण नाक्यानाक्यावर दगड, पिंपं, ट्रामचे उपटलेले खांब आडवे टाकलेले. मोटार जाणार कशी?

हे उठले आणि खाली जाऊन लाकडं बाजूला फेकायला लागले. तेव्हा मला कळलं, की मोटारसायकल बाहेर निघणार.

हे गिरणीत फिटर. साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करण्यात आयुष्य चाललेलं, मोटारसायकल भावाची होती म्हणून थोडी माहीत. मी शकूला खांद्यावर घेऊन पायरीवर बसले. हे मला प्रत्येक गोष्ट सांगत काम करत होते, बहुधा स्वतःचा जीव ठिकाणावर ठेवायला. किक मारली, काही नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, ठिणगी पडत होती. पण प्लग कोरडा होता. म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं. कार्ब्युरेटरवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की पेट्रोल ओघळायला हवं. थेंबही नाही.

टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास राहिलाच नव्हता; जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास आला. हे म्हणाले, पेट्रोल उडून गेलंय, मागे राळ राहिलीय. डॉक्टरांनी आपल्या मोटारीतून रबरी नळीने पेट्रोल काढून दिलं. जुनं ओतून टाकलं, नवं भरलं, टाकीच्या नळाची जाळी धुतली. आता पेट्रोल आलं ते थांबेचना, कार्ब्युरेटरमधून जमिनीवर वाहायला लागलं. पेट्रोल अडवणारी आतली सुई चिकटली होती. मग ह्यांनी कार्ब्युरेटर उघडला. तळाशी तपकिरी, चिकट, काकवीसारखा थर. पेट्रोल ज्यातून इंजिनात जातं ते पितळी जेट, त्याचं बारीक भोक पुरतं बुजलेलं. ह्यांनी फुंकर मारली, हवा जाईना. मी शिवणाची सुई घालू म्हटलं, तर भोक मोठं होईल म्हणाले. मी काथ्याच्या पायपुसण्यातून एक ताठ धागा उपसून दिला. पेट्रोलात बुडवून तो फिरवत फिरवत त्यांनी भोक मोकळं केलं आणि जेट माझ्यासमोर उजेडाकडे धरला. टाचणीच्या टोकाएवढा प्रकाश दिसला.

शकूची शीळ मात्र वाढत होती. ओठ निळसर दिसायला लागले होते.

सगळं परत बसवून ह्यांनी किक मारली, आणि गाडीने बार काढला. तुम्ही गोळीबार ऐकलेला नाही. अगदी तसाच आवाज. वाडीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं आणि नाक्यावरून शिट्ट्या ऐकू आल्या. दोन पोलीस बंदुका पुढे धरून वाडीत शिरले. ह्यांच्या हातात पाना होता. त्यांनी तसेच दोन्ही हात वर केले. मी नुसतं शकूचं तोंड त्यांच्याकडे केलं.

पुढचा पोलीस तरुण होता, घाटावरचा असावा. त्याच्या बंदुकीचं टोक थरथरत होतं. माझ्याइतकाच तोही घाबरला आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं. त्याने पोरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मोटारसायकल कुणाची, हे त्याने विचारलं नाही. पलीकडच्या नाक्यावर आमची माणसं आहेत, तिथे थांबा म्हणतील, थांबा, पळू नका, एवढं सांगून तो भिंतीला लागून उभा राहिला.

एअरचा खटका ओढून, आत जाणारी हवा कमी करून ह्यांनी पुन्हा किक मारली. गाडी खोकली, फुरफुरली आणि एकदाची चालू झाली. पण मूठ सोडली की बंद पडत होती. हळू चालीचं दुसरं बारीक भोक अजून बुजलेलंच होतं, आणि ते उघडायला वेळ नव्हता. आता मूठ पिळूनच धरायची, बंद पडू द्यायची नाही, असं हे म्हणाले. जाऊबाई बाळाला घेऊन दारात उभ्या. त्यांनी शकूच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "सोडू नको गो तिका." मी जन्मात पहिल्यांदा गाडीवर बसले, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पोर आणि दुसऱ्याने ह्यांचा सदरा धरून.

रस्त्यावर माणूस नव्हतं. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, काचांचा खच, जळक्या टायरचा वास. एरवी जिथे मला गर्दीची भीती वाटायची, तिथे त्या मोकळ्या रस्त्याने माझे दात वाजायला लागले. दगडांच्या फटींतून हे गाडी काढत होते, इंजिन ओरडत होतं, आणि त्या आवाजात मला शकूची शीळ ऐकू येईना. नाक्यावर पोलिसांनी हात केला. हे थांबले. मूठ पिळलेली होती तरी गाडी धापा टाकत मेली.

ती शांतता मी विसरलेले नाही. समोर पाच-सहा बंदुका. आता किक मारली आणि पुन्हा बार निघाला तर? हे मोठ्याने, सावकाश म्हणाले, "साहेब, गाडी आवाज करील. गाडीचाच आवाज असेल. पोरगी आजारी आहे." मी शकूला छातीशी घट्ट धरून डोळे मिटले. पहिली किक फुकट गेली. दुसऱ्या किकेला तापलेल्या इंजिनाने धरलं. बार निघाला नाही.

इस्पितळात शकूला माझ्या हातातून ओढूनच नेलं. गळ्यात नळी घातली, इंजेक्शन दिलं. दुपार टळल्यावर एक नर्स बाहेर येऊन म्हणाली, श्वास सुरळीत झालाय, वाचेल. हे भिंतीशी खाली बसले आणि पेट्रोलचे हात तोंडावर ठेवून रडले. कर्फ्यूमुळे आम्ही दोन दिवस तिथल्याच ओसरीवर राहिलो. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना विचारलं, घरी कधी जायचं? ह्यांना वाटलं मी हाय खाल्ली. म्हणाले, शकू बरी झाली की गावी पोचवतो तुला. मी म्हटलं, गावी नाही हो, वाडीत. तोवर वाडीतल्या जागेला मी कधी घर म्हटलं नव्हतं, खोली म्हणत होते.

भाऊ सुटून आले, राज्य झालं, वाडीत गुलाल उधळला. शकूचा आवाज कायम थोडा घोगरा राहिला. त्याच आवाजात तिने पुढे माटुंग्याच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. आता वाडी पाडून तिथे उंच इमारत झाली आहे आणि मी मुलाकडे बोरिवलीला असते. गावाची आठवण आली की माझा जीव तुटतो, अजूनही, फणसाच्या दिवसांत तर फारच. पण शहरात कुठे काही झाल्याची बातमी आली, की फोन घेऊन मी एकेकाला विचारत सुटते: शकू पोचली का, जाऊबाईंचा नातू कुठे आहे, शेजारची अजून आली नाही का. सगळे आपापल्या जागी आहेत हे कळेपर्यंत मला घास उतरत नाही. गावच्या तुम्हा सगळ्यांसाठी जीव तुटतो, इथल्या माणसांसाठी घाबरतो. मला कुणी विचारलं तुझं घर कुठलं, तर मी हेच सांगते, की जिथल्या माणसांसाठी मी अशी घाबरते, ते माझं घर.