रीटाचं वजन

सिंहस्थाच्या बंदोबस्तासाठी आमची तुकडी उज्जैनला उतरली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. तुकडी म्हणजे एक सुभेदार, तीन डॉग हँडलर, एक स्वयंपाकी आणि दोन कुत्री. मी तेव्हा नायक हुद्द्यावर होतो. माझ्याकडे रीटा होती, पाच वर्षांची अल्सेशियन मादी. तिचं काम स्फोटकं हुंगून शोधणं. तळ नानाखेड्याच्या एका शाळेत, बंदोबस्ताला आलेल्या इतर फौजी तुकड्यांसोबत टाकला होता.

उज्जैन माझंच गाव. आमचं घर फ्रीगंजमध्ये, वडील शाळेतून रिटायर झालेले. स्वतःच्या गावात युनिफॉर्म घालून ड्यूटी करायची संधी फौजेत क्वचित मिळते, त्यामुळे मी खूश होतो. हा आनंद चार दिवस टिकला.

सिव्हिलियन मंडळींना फौजी माणूस दिसला की गोळीबार ऐकायचा असतो. गोळी कुठे लागली, बर्फात कसं झोपता, हेच प्रश्न. मी सांगतो ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो. माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट महिना उज्जैनमध्ये गेला आणि त्यात एकही गोळी सुटली नाही.

आदल्या वर्षी आम्ही काश्मीरमध्ये होतो. एका सकाळी रस्ता तपासताना रीटा एका मोरीपाशी जाऊन खाली बसली. ती बसली म्हणजे माल आहे. मोरीत सुरुंग निघाला. आमच्या मागे जवानांनी भरलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. रीटाची ही ओळख पुरे.

तिथल्या हिवाळ्यानंतर ती वाळायला लागली. अठ्ठावीस किलोची कुत्री उज्जैनला येईपर्यंत चोवीसवर आली होती. भूक मात्र दुप्पट. मांस, भात, भाजी, अंडं, ठरलेलं सगळं रेशन ती दोन मिनिटांत संपवायची आणि रिकामं भांडं जमिनीवर घासत न्यायची. युनिटच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी दोनदा तपासलं, दोनदा जंताचं औषध दिलं. जंत एकही पडला नाही. तरी निदान जंतांचंच राहिलं, कारण खाऊन वाळणारं कुत्रं म्हणजे जंत, हे आम्ही सगळेच शिकलो होतो.

हँडलरला रोज एक रजिस्टर भरावं लागतं. खाणं, पाणी, काम, शी. शीच्या खाली चार रकाने होते: घट्ट, पातळ, रक्त, जंत. रीटाची शी यांतल्या कशातच बसत नव्हती. ढीग मोठा, रंग फिकट, ओल्या शाडूसारखा, आणि जमीन वाळली तरी तिथे तेलकट डाग राहायचा. मी हे रोज बघत होतो. रंगाचा रकाना नव्हता, म्हणून मी 'पातळ'वर खूण करून सही करत होतो. डॉक्टर रजिस्टर बघत होते. शी कोणी बघितली नाही आणि मीही कोणाला बघा म्हटलं नाही. फौजेत विचारलं तेवढंच सांगायची सवय लागते आणि मला ती चांगलीच लागली होती.

पाचव्या दिवशी सकाळी सव्वासहाला आम्ही घाटाकडे जाणारा रस्ता तपासत होतो. दोन्ही बाजूंना भंडाऱ्यांचे मांडव. रीटाने अर्धा रस्ता नीट तपासला. मग तिने नाक उचललं, पट्ट्याला हिसका दिला आणि थेट एका मांडवात घुसली. तिथे परातीत पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. मी पोहोचेपर्यंत तिने तोंड घातलं होतं. मी ओढलं तर ती माझ्यावर गुरगुरली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कणीक बाटली. मांडवातले साधू उठले, यात्रेकरू जमले. पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने हे जनावर इथून आत्ता हलवा असं बजावलं. ते चुकीचं बोलत नव्हते. शोध सोडून खाण्यामागे जाणाऱ्या कुत्र्याच्या भरवशावर लाखो माणसं त्या रस्त्याने सोडता येत नाहीत.

सुभेदारसाहेबांनी वायरलेस सेट हातात घेतला.

"कंट्रोल, डॉग टू ऑफ ड्यूटी. डॉग वन भेजो. ओव्हर."

"कारण बताओ. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बीमार. आउट."

तळावर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. वीस वर्षं कुत्र्यांत काढलेला माणूस, कमी बोलणारा.

"काळे, सच बोल. राशन पूरा इसके पेट में जाता है?"

"पूरा जाता है, साब."

त्या दिवसापासून रीटाच्या जेवणाच्या वेळी दुसरा हँडलर माझ्याशेजारी उभा केला गेला. मी कुत्रीच्या तोंडचं मांस पळवतो की काय, हे बघायला. तो माझा मित्र होता. तो सगळा वेळ आपल्या बुटांकडे बघायचा. माझ्यावर झालेला तो सर्वांत मोठा अपमान होता आणि मला राग करायलाही तोंड नव्हतं, कारण साहेबांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

संध्याकाळी साहेबांनी टावर चौकातल्या एसटीडी बूथवरून युनिटला फोन लावला. परत येऊन सांगितलं, मेळा संपल्यावर मेडिकल बोर्ड. दहा दिवस. वजन चढलं आणि काम केलं तर ठीक.

नाही तर काय, हे सांगायची गरज नव्हती. त्या काळी कामातून गेलेलं कुत्रं कोणाच्या घरी देत नसत. त्याला इंजेक्शन देत.

दहा दिवसांत मी जे जे सुचलं ते केलं. सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भले होते, पण त्यांच्या दारात म्हशींची रांग होती. त्यांनी रजिस्टर चाळलं, 'पातळ' वाचलं, जुलाब थांबायच्या गोळ्या आणि पुन्हा जंताचं औषध दिलं. मग फ्रीगंजमध्ये एक नवा खाजगी दवाखाना उघडल्याचं कळलं. त्या वर्षांत कॉलन्यांमधून पांढरी, झुबकेदार पॉमेरियन कुत्री पाळायची टूम निघाली होती. दवाखाना त्यांच्यासाठीच होता. बाकावर तीन बायका तीन पॉमेरियन घेऊन बसल्या होत्या. रीटा आत आली तशा त्या सरकून बसल्या.

डॉक्टरने तिच्या फासळ्यांवरून हात फिरवला.

"इसको खाना नहीं देते क्या?"

मी कितीही खायला देतो, ती वाळतेच आहे, असं मी परत परत सांगितलं. अटेन्शनमध्ये उभा राहून सांगितलं, जणू तो कमांडिंग ऑफिसर होता. त्याने टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाला, ताकद कमी आहे, देशी घी खिलाओ.

तूप म्हटल्यावर आईला जोर आला. रोज अकराच्या टेम्पोने ती डबा घेऊन तळावर यायची. तुपात भिजवलेल्या पोळ्या, वर आणखी वाटीभर तूप. रीटा डबा दिसला की थरथरायची. आई तिच्यासमोर उकिडवी बसून तिला भरवायची. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "मधू, एवढं खाते तर जातं कुठे रे? तू डॉक्टरला हे ठीकसे विचार ना."

मी म्हटलं, "आई, जंत असतील."

"जंत तर निघाले असते ना आतापर्यंत."

मी रिकामा डबा पुसून तिच्या हातात दिला. तिघा डॉक्टरांना पडायला हवा होता तो प्रश्न माझ्या आईला पडला होता आणि मी तो उडवून लावला.

वजनासाठी मी तिला धान्याच्या एका गोदामात न्यायचो. गव्हाच्या पोत्यांच्या काट्यावर ती गपचूप उभी राहायची. पहिल्या दिवशी साडेतेवीस. तुपाच्या चौथ्या दिवशी बावीस पॉइंट आठ. मी काटा चुकलाय म्हणून स्वतः वर उभा राहून पाहिलं. काटा बरोबर होता. नवव्या दिवशी एकवीस. गोदामाच्या मालकाने काट्यावर पडलेले तिचे केस हाताने झाडले. मी बाहेर येऊन तिथल्याच ओट्यावर बसलो. मी आतापर्यंत जे देत होतो त्यातलं काहीही तिला लागत नव्हतं, आणि आणखी काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी मी सुभेदारसाहेबांकडे गेलो. आणखी पंधरा दिवस मागितले. ते देणं त्यांच्या हातात नव्हतं. ते म्हणाले, बोर्डापुढे मी तुझ्या बाजूने सांगेन, राशन मी माणूस उभा करून बघितलंय. त्यांनी सांगितलंही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

बोर्ड सकाळी नऊला बसलं. युनिटमधून तळावर आलेले तीन अधिकारी, त्यांत डॉक्टर कॅप्टनसाहेबही. नऊ वाजून बारा मिनिटांनी मी बाहेर होतो. कागदावर लिहिलं होतं: दीर्घ आजार, कारण अज्ञात, कामास अयोग्य. दुपारी तीनची वेळ दिली.

रिवाज असा की कुत्र्याला हँडलरनेच धरायचं. मी अर्धा तास मागितला, कॅप्टनसाहेबांनी दिला. लंगरमधून, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातून, दोन जणांचं मटण आणलं. रीटाने ते संपवलं, भांडं चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. आणखी हवं होतं. मी म्हटलं, संपलं. ती माझ्या बुटांवर डोकं ठेवून बसली. तीन वाजून पाच मिनिटांनी सगळं झालं. मी कॉलर काढून स्टोअरमध्ये जमा केली आणि पावती घेतली.

पुढच्या वर्षी मी रिफ्रेशर कोर्सला गेलो. एक वयस्कर मेजर, डॉक्टर, शिकवायला आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर कुत्र्याचं पोट काढलं आणि जठराच्या मागे एक लांबट तुकडा रंगवला. स्वादुपिंड. हे सुकलं की कुत्रं कितीही खाऊ दे, अन्न पचत नाही. तूप-चरबी तर अजिबात नाही, ती तशीच बाहेर पडते. ढीग मोठा, रंग फिकट, तेलकट. अल्सेशियनमध्ये जास्त. डॉक्टर जंत समजतात आणि कुत्रं भुकेने मरतं.

मी उभा राहिलो.

"साब, इलाज?"

"कसाई के पास मिलता है. बकरे का यही टुकड़ा. कच्चा, बारीक काटके, खाने में मिलाके. फेंक देते हैं लोग."

नानाखेड्याच्या तळावर रोज सकाळी मागच्या बाजूला बकरा कापला जायचा. नको ते भाग खड्ड्यात जायचे. रीटा रोज त्या खड्ड्याकडे जीव खाऊन ओढायची आणि मी रोज पट्टा आवळून 'नो' म्हणायचो. तिला औषध कळलं होतं असं मी म्हणणार नाही. तिला सगळ्याचीच भूक होती. पण ते तिथे होतं, तिच्यापासून वीस पावलांवर, आणि तिला मागे ओढणारा मी होतो. त्या वर्गात वहीवर डोकं टेकून मी रडलो. शेजारच्याने वर बघितलं नाही. फौजेत ही एक सभ्यता असते.

मी आणखी चौदा वर्षं नोकरी केली. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कुत्र्याची शी मी डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवायला नेली. काही जण वैतागले. एकदा एका लेफ्टनंटने मला वेड्यात काढलं. त्या सगळ्या काळात असा आजार झालेलं कुत्रं माझ्या हाती पुन्हा आलं नाही, म्हणजे शिकलेलं कोणाला उपयोगी पडलं असंही सांगता येत नाही.

युनिटच्या स्थापना दिवशी सकाळी आठला परेड उभी राहते आणि कामावर मेलेल्या कुत्र्यांची नावं वाचली जातात. नाव, कामगिरी, ठिकाण. प्रत्येक नावाला त्याचा हँडलर एक पाऊल पुढे येतो आणि सलाम करतो. हँडलर रिटायर असला तरी बोलावतात. मी दरवर्षी गेलो, मागच्या रांगेत उभा राहिलो. रीटाचं नाव वाचत नाहीत. ती कामावर मेली नाही, कागदाने अयोग्य ठरून गेली, असा नियम आहे आणि नियम मी मोडत नाही.

पण हे लिखाण माझं आहे. रीटा, स्फोटक शोध, काश्मीर. एक मोरी, तीन गाड्या. मृत्यू उपासमारीने, रेशन पूर्ण मिळत असताना. हँडलर नायक काळे, हजर.